काळी दोनमधला आर्मस्ट्राँग

जॅझचा ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग याच्या ‘वेस्ट एंड ब्लूज’ची जुनी तबकडी हाती आली तेव्हा मला सगळ्यांत आधी तिची पट्टी, म्हणजे तिचा सा पेटीवर कुठे येतो ते, काढायची होती. ग्रामोफोनला चावी भरली, तबकडी लावली, शेजारी पेटी घेतली आणि षड्ज शोधायला लागलो. सापडेना. काळी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी, दाबली की तबकडी उतरलेली वाटे, पांढरी दोन दाबली की चढलेली. सूर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत अडकून बसला होता. पेटी आठवड्यापूर्वीच जुळवून आणलेली. मनात आलं, एवढ्या वर्षांपूर्वीची वाद्यं, असतील थोड्या वेगळ्या सुरात लावलेली.

तसं काही नव्हतं. ग्रामोफोनची स्प्रिंग सैलावली होती आणि तबकडी मिनिटाला ७८ ऐवजी ७५ च्या आसपास फेरे घेत होती. वेगाचा काटा थोडा पुढे सरकवला तसा सूर हळूहळू चढत गेला आणि काळी दोनवर येऊन नेमका बसला. त्यासरशी ट्रंपेटचा आवाजच पालटला. मघाचा जडपणा, पेंगुळलेपणा गेला आणि लख्ख, धारेचा आवाज खोलीत भरला.

फरक फक्त तीन फेऱ्यांचा. जुन्या तबकड्यांवरचं जॅझ किंवा डान्स बँडचं संगीत एकदा ऐकून ‘फारच जुनाट आवाज’ म्हणून सोडून देणारे पुष्कळ भेटतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्यातला निम्मा जुनाटपणा चुकीच्या वेगाचा, चुकीच्या पिनेचा आणि चुकीच्या जोडणीचा असतो. तो काढून टाकला की खाली जे उरतं ते विलक्षण आहे: एका खोलीत उभ्या असलेल्या आठ-दहा माणसांनी तीन मिनिटांत, नंतर एक सूरही दुरुस्त करता येणार नाही हे माहीत असताना, वाजवलेलं संगीत. तिथपर्यंत कसं पोचायचं ते सांगतो.

आधी वेग

तबकडीवर ‘७८’ लिहिलेलं असलं तरी हा आकडा पुढे ठरला. १९२५ पूर्वी कंपनीगणिक वेग वेगळा होता. काही तबकड्या सत्तरच्या जवळपास, काही ८० च्याही पुढे. विजेच्या मोटारी आल्या तेव्हा वेग पक्का झाला. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, म्हणून तिकडे तो ७८.२६ ठरला, युरोपात आणि आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणून ७७.९२. हा फरक कानाला कळत नाही.

आपल्या यंत्राचा वेग तपासायचा तर ७७ रेघांची स्ट्रोबची चकती छापून तबकडीवर ठेवायची. आपल्या विजेवरचा निऑनचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणजे मिनिटाला ६,००० वेळा. त्याला ७७ ने भागलं की ७७.९२. वेग बरोबर असला तर त्या दिव्याखाली रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. एलईडीचे बरेचसे दिवे लुकलुकत नाहीत, त्यांच्याखाली हा प्रयोग होत नाही.

१९२५ पूर्वीच्या तबकडीला मात्र पेटीच हवी. ट्रंपेट आणि क्लॅरिनेट ही वाद्यं जन्मतः काळी पाचची, त्यामुळे बँडवाल्यांच्या आवडत्या पट्ट्या काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार. सूर अधेमधे लोंबकळत असला तर यांच्यापैकी सर्वांत जवळच्या पट्टीवर तो आणून बघायचा. ७८ च्या आसपास साधारण साडेचार फेऱ्यांना एक पट्टी चढते किंवा उतरते. चुकीच्या पट्टीवर आणलात तर गाणाऱ्याचा आवाज लगेच सांगतो. माणसाच्या आवाजातला खोटेपणा आपल्या कानाला फार लवकर कळतो.

तबकडी कशाची?

लाखेची. बांगड्या ज्या लाखेच्या होतात, पार्सलवर जी वितळवून शिक्का मारतात, सुतार जिचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतो, तीच लाख. पळस, कोशिंब, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर एक बारीक किडा रस शोषत बसतो आणि अंगाभोवती राळेचं कवच करतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून लाख होते. छोटा नागपूरचा प्रदेश, म्हणजे आजचं झारखंड आणि त्याला लागून असलेला भाग, हे लाखेचं जगातलं मोठं आगर. चपट्या तबकडीचा जनक एमिल बर्लिनर. आधी त्याच्या तबकड्या कडक रबराच्या होत्या, १८९० च्या दशकात तो लाखेकडे वळला आणि पुढची पन्नासेक वर्षं जगभरचं संगीत या किड्याच्या कवचावर उमटत राहिलं.

पण तबकडीत लाख असते साधारण चौथा-पाचवा भाग. ती बांधून ठेवणारी वस्तू. बाकी भरणा दगडाच्या बारीक पुडीचा, थोडे कापसाचे तंतू आणि काळा रंग येण्यासाठी काजळी. दगडाची पूड मुद्दाम घालत. ग्रामोफोनची पोलादी पिन नवी असताना तिचं टोक खाचेत नीट बसत नाही; ही पूड पहिल्या काही फेऱ्यांतच टोक घासून खाचेच्या आकाराचं करते. उरलेली बाजू वाजेपर्यंत त्या टोकाला धार येते, आणि म्हणूनच दर बाजूला नवी पिन लावायची असते. जुन्या घरांतून पिनांच्या दोनदोनशेच्या डब्या सापडतात त्या यामुळे. पिन वाचवायला गेलं की तबकडी जाते.

आपण ऐकतो ती सततची सरसर हीसुद्धा या पुडीचीच. ती संगीताच्या आधीपासून तिथे होती, १९२८ साली दुकानातून नवी तबकडी आणणाऱ्यानेही ती ऐकली. चार-पाच बाजू ऐकल्यावर कान तिला आपोआप मागे ढकलतो, कौलांवर पाऊस पडत असताना आपण गप्पा मारतो तसं. कॉम्प्युटरवर सरसर पूर्ण पुसून टाकणारे लोक तिच्याबरोबर झांजेची लकाकी आणि खोलीची हवाही पुसून टाकतात. मला ती सरसर हवी असते. पिन टेकली की संगीताआधीचे दोन सेकंद ती येते आणि मी सावरून बसतो.

लाखेचं एक लक्षात ठेवायचं: ती स्पिरिटमध्ये विरघळते. एलपी, म्हणजे नंतरच्या काळातल्या प्लास्टिकच्या तबकड्या, पुसायची जी तयार द्रावणं मिळतात त्यांतल्या पुष्कळांत अल्कोहोल असतं. ते लाखेच्या तबकडीवर टाकलं की खाचांवरची झिलई उडाली म्हणून समजा. डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल हात, मधल्या कागदाला पाणी न लागू देता. मग लगेच टिपून उभी वाळवायची. भिजत ठेवायची नाही, आतले तंतू पाणी पितात. पावसाळ्यात बुरशी येते तीही याच रीतीने जाते.

विकत घेताना मडकं घेतो तशी घ्यावी. मधल्या भोकात बोट घालून तबकडी अधांतरी धरायची आणि कडेला बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारायची. अखंड असली तर घुमते, तडा असला तर बद्द किंवा खरखरीत वाजते. मग उजेडात तिरकी धरून बघायची. काळीभोर चमक असली तर उत्तम. राखाडी छटा दिसली तर खाचांच्या भिंती पोलादी पिनेने खाल्लेल्या आहेत, आणि जोरदार सुरांच्या जागी आवाज फाटणार. वरचा ओरखडा त्या मानाने निरुपद्रवी. तो टक्‌टक् करतो पण सूर खात नाही.

आजच्या यंत्रावर

चावीच्या ग्रामोफोनवर ऐकण्याची मजा आहेच, पण त्याच्या पिनेवर १०० ग्रॅमहून अधिक भार असतो. दुर्मीळ तबकडी त्यावर रोज लावू नये. आजच्या टर्नटेबलवर तीच तबकडी चार-पाच ग्रॅमांत वाजते, आणि खाचेतलं जे कर्ण्यातून कधी बाहेर आलंच नसेल तेही ऐकू येतं. फक्त तीन गोष्टी बघायच्या.

पहिली पिन. ७८ च्या खाचा रुंद असतात. त्यांना साधारण ७६ मायक्रॉनचं टोक लागतं. एलपीच्या पिनेचं टोक २५ मायक्रॉनचं किंवा त्याहून बारीक. ते टोक या रुंद खाचेच्या भिंतींना टेकतच नाही, तळाशी जाऊन तिथला शंभर वर्षांचा गाळ उपसत बसतं. ‘आवाज येतच नाही, नुसती खरखर’ ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यानेच मिटते.

दुसरी जोडणी. या तबकड्यांत आवाज खाचेच्या डाव्या-उजव्या हालचालीत कोरलेला असतो. वर-खाली हालचाल म्हणजे निव्वळ धूळ आणि खड्डे. स्टीरिओ कार्ट्रिज (पिन ज्यात बसवलेली असते तो भाग) दोन्ही पकडतं. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो केले की वर-खालीचा कचरा एकमेकांना खोडतो आणि खरखर झटकन कमी होते. यासाठी पैसे लागत नाहीत, ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असलं की झालं.

तिसरी गोष्ट थोडी किचकट आहे. खर्जाच्या सुराने कोरणारी सुई फार मोठे झोके घेते आणि शेजारच्या खाचेत शिरते. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि वाजवताना तेवढाच उचलतात. एलपीच्या काळात, १९५४ च्या सुमारास, किती दाबायचा आणि किती उचलायचा याचा एक नियम सर्वांनी मान्य केला. आरआयएए म्हणतात तो हाच. त्या नियमात कोरताना वरचे सूर वाढवलेले असतात, म्हणून वाजवताना ते बरेच कमी करतात. १९३० च्या सुमाराच्या बहुतेक तबकड्यांत वरचे सूर तसे वाढवलेलेच नसत. आजच्या प्रीॲम्पमधून (पिनेकडून आलेला क्षीण आवाज वाढवून ॲम्प्लिफायरला देणारं यंत्र) त्या लावल्या की नसलेली वाढ कापली जाते आणि बँड गोधडीखाली बसून वाजवल्यासारखा वाटतो. जुन्या नियमांची सोय असलेला प्रीॲम्प महाग पडतो. तोवर ॲम्प्लिफायरचं ट्रेबल उजवीकडे फिरवा. अंदाजपंचेच, पण गोधडी निघते.

कर्णा आणि माइक

जॅझची पहिली तबकडी न्यूयॉर्कमध्ये २६ फेब्रुवारी १९१७ ला मुद्रित झाली: व्हिक्टर कंपनी, ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड. वाजवणारे सगळे गोरे. हे संगीत ज्यांनी घडवलं त्या न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वादकांना तबकडीवर यायला आणखी काही वर्षं लागली. किंग ऑलिव्हरचा क्रिओल जॅझ बँड १९२३ च्या एप्रिलमध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीच्या खोलीत वाजवायला उभा राहिला, त्यात दुसरा कॉर्नेट (ट्रंपेटचा आखूड भाऊ) २१ वर्षांच्या लुई आर्मस्ट्राँगचा.

तेव्हा माइक नव्हता. भिंतीतून बाहेर आलेला एक मोठा कर्णा, त्याच्या टोकाला पडदा, पडद्याला सुई, सुईखाली फिरणारं मेण. आवाजाच्या जोरानेच मेणात खाच पडायची. त्यामुळे ‘मिक्सिंग’ करायचं ते माणसं पुढे-मागे उभी करून. लुईची फुंकर एवढी दांडगी की त्याला बाकीच्यांपासून बराच लांब उभा केला, असं त्या बँडमधल्यांनी पुढे सांगितलं आहे. मोठा ड्रम तर वाजवायचाच नाही, नाहीतर सुई उडायची. म्हणून बेबी डॉड्ससारखा अव्वल ड्रमवादक त्या तबकड्यांवर लाकडी ठोकळे वाजवताना ऐकू येतो. त्या काळचं जॅझ असंच टिकटिक ठेक्याचं होतं असा समज त्यावरून करून घेऊ नये. नाचघरात तो ड्रम दणदणत होता, कर्ण्याला तो झेपत नव्हता.

१९२५ ला माइक आला. कंपन्यांनी विजेवर मुद्रण सुरू केलं आणि सगळा बँड जणू दार उघडून आत आला. खर्जाचं तंतुवाद्य ऐकू यायला लागलं, झांजा चमकायला लागल्या, आणि सर्वांत मोठा बदल गाण्यात झाला: कर्ण्यात ओरडावं लागणारा गायक आता कानाशी बोलल्यासारखा गाऊ शकत होता. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी आणि लंडनमध्ये अल बोली हे माइकने घडवलेले आवाज. ऐकायला नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी नेहमी सांगतो, १९२७ ते १९३४ च्या तबकड्यांपासून सुरू करा. १९२३ कडे नंतर जा, कान तयार झाल्यावर.

माइक आला तरी मेण राहिलं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, बारा इंचीला चारच्या वर. मध्ये थांबणं नाही, जोडकाम नाही. ‘कसं झालं’ म्हणून तेच मेण वाजवून बघितलं तर खाच खराब होऊन ते वाया जायचं. दोन-तीन वेळा वाजवायचं, त्यांतलं एक निवडायचं. कितव्या खेपेचं वाजवणं निवडलं तो आकडा बऱ्याच तबकड्यांवर शेवटच्या खाचेजवळ कोरलेला सापडतो. एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या आकड्यांच्या दोन तबकड्या मिळाल्या तर दोन वेगळ्या बैठकी मिळाल्या असं समजा. अब्दुल करीम खाँसाहेबांनी सव्वातीन मिनिटांत अख्खा राग उभा केलेला ज्यांनी ऐकला आहे त्यांना या मर्यादेची ताकद वेगळी सांगायला नको. सांगायचं ते एवढ्यात सांगा, पसरायला जागा नाही.

पाच आवर्तनं

परत काळी दोनकडे. ‘वेस्ट एंड ब्लूज’ २८ जून १९२८ ला शिकागोत ओके कंपनीसाठी मुद्रित झालं. आर्मस्ट्राँग २६ वर्षांचा, पियानोवर अर्ल हाइन्स त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. रचना किंग ऑलिव्हरची, म्हणजे गुरूची चीज शिष्याने गायली.

ब्लूजचा साचा सोपा आहे. चार-चार मात्रांचे १२ खंड, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. साथीचे सूर षड्जावरून निघून मध्यमावर जातात, षड्जावर येतात, पंचमाकडे जाऊन पुन्हा घरी. हे चक्र फिरत राहतं आणि त्यावर जो तो आपली गोष्ट सांगतो. बोटांवर बारा खंड मोजत एकदा ऐकलंत की तुम्ही आत शिरलात.

सुरुवातीला साथ नाहीच. ट्रंपेट एकटं, १०-१२ सेकंद, कुठल्याही ठेक्याविना. चार ठोस सुरांनी सुरू होतं, वर चढतं आणि तिथून तान गडगडत खाली येते. आपल्याकडे मैफलीआधी गवई एकच तान अशी टाकतो की मागे कुजबुजणारे गप्प होतात, तसं ते आहे. मग बँड येतो आणि पहिल्या आवर्तनात आर्मस्ट्राँग चाल साधी, जवळजवळ नम्रपणे मांडतो. दुसऱ्यात ट्रॉम्बोन; मागे लाकडावर टाप पडावी तसा ठेका, तो ड्रमवादक झटी सिंगलटनचा. तिसऱ्यात क्लॅरिनेट एक वाक्य बोलतं आणि आर्मस्ट्राँग त्याला तोंडाने उत्तर देतो, शब्द नाहीत, नुसते आकार-वाकार. क्लॅरिनेट जेवढं हळुवार तेवढंच उत्तर हळुवार. ही जागा मला सगळ्यांत प्रिय आहे. एवढ्या दांडग्या फुंकरीचा माणूस इथे आवाज एवढा खाली आणतो की सरसरीतून त्याचा श्वास वेगळा काढावा लागतो. चौथं आवर्तन एकट्या पियानोचं.

आणि पाचवं. ट्रंपेट वर जाऊन एक सूर धरतं आणि सोडत नाही. एक खंड, दोन, तीन, जवळजवळ चार. काळी दोनच्या षड्जाचा तो तार पंचम आहे, पेटीवर लावून बघा. सूर स्थिर आहे पण मेलेला नाही. खाली साथ सरकत राहते आणि वरचा पंचम दर मात्रेला थोडा अधिक ताणला जातो. शेवटी तो सुटतो तेव्हा त्यातून तानांची माळच सांडते. पुढे पियानोच्या दोन-चार हळव्या फेऱ्या, बँडचा समारोप, आणि अगदी शेवटी सिंगलटनचा एक छोटा ‘टक्’. तबकडी झिजलेली असली किंवा वेग चुकला असला तर सर्वांत आधी हा पंचम आणि हा ‘टक्’ बिघडतो. त्यामुळे यंत्र लावून झालं की मी हीच बाजू लावून तपासतो.

नाचाच्या तबकड्या

डान्स बँडकडे जॅझवाले थोडं नाक वर करून बघतात. मला ते पटत नाही. लंडनच्या अँब्रोज, लू स्टोन, रे नोबल यांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्यांत जी सफाई आहे ती सहज येत नाही.

लेबलवर गाण्याच्या नावाखाली ‘फॉक्सट्रॉट’, ‘वॉल्ट्झ’ असं छापलेलं असतं. ही नाचणाऱ्याला दिलेली सूचना आहे: पावलं कोणती टाकायची. गाणं ३२ खंडांचं, बहुधा चार कड्यांत: पहिली कडी, तीच पुन्हा, मग वेगळी, मग पहिलीकडे परत. धृपद-अंतरा-धृपद म्हणा हवं तर. म्हणजे १२८ मात्रा. मिनिटाला १६० मात्रांच्या फॉक्सट्रॉटला हे आवर्तन ४८ सेकंदांत संपतं, तेव्हा तीन मिनिटांत तीन आवर्तनं आणि थोडी सजावट बसते. पहिलं वाद्यांचं. दुसरं गायकाचं, आणि लेबलवर पुष्कळदा त्याचं नावही नाही, नुसतं ‘व्होकल रिफ्रेन’. तिसऱ्यात बँड मोकळा सुटतो आणि कुणाला तरी आठ खंड एकट्याने वाजवायला मिळतात. त्या आठ खंडांत, म्हणजे १२ सेकंदांत, काही वादकांनी आयुष्यभराचं नाव कमावलं.

रे नोबलच्या बँडबरोबर अल बोलीने १९३४ ला गायलेलं ‘द व्हेरी थॉट ऑफ यू’ तीनदा लावा. पहिल्यांदा फक्त त्याचं गाणं ऐका. बोली शब्द ओढत नाही, वाक्याचं शेवटचं अक्षर जेमतेम टेकवून सोडून देतो. दुसऱ्यांदा त्याच्याकडे दुर्लक्ष करून मागची वाद्यं ऐका. दोन ओळींच्या मध्ये ती भरणा कसा करतात, आणि त्याने तोंड उघडलं की किती अदबीने बाजूला होतात. तिसऱ्यांदा फक्त ठेका. तीन वेळा ऐकूनही नऊ-दहा मिनिटंच होतात. हाच बोली १९२० च्या दशकात कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात जिमी लिक्विमच्या बँडमध्ये होता. १७ एप्रिल १९४१ ला लंडनवरच्या बाँबहल्ल्यात तो राहत्या घरी मारला गेला.

शिकागो, मुंबई, कलकत्ता

लाख आपल्याकडून तिकडे जात होती आणि वाजवणारे तिकडून इकडे येत होते. १९३५ ला व्हायोलिनवादक लिऑन ॲबी काळ्या अमेरिकन वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड. त्यांच्या शेजारी बसून वाजवणारे, त्यांच्याकडून शिकणारे बहुतेक गोव्याचे. गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेली ही मुलं. समोर कागद ठेवला की कुठल्याही बँडमध्ये बसत. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ ट्रंपेटवर आर्मस्ट्राँगच्या वाटेने गेला आणि चिक चॉकलेट या नावाने ओळखला गेला. पुढे त्याने पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांना साथ केली. १९५१ च्या ‘अलबेला’च्या गाण्यांत ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, कशी उसळते ते ७८ वर ऐका, ताजच्या नाचघरातला तो आवाज चाळीतल्या ग्रामोफोनपर्यंत या वाटेने पोचला.

१९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेला लाख मिळेनाशी झाली. सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेवर कडक बंधनं घातली, जुन्या तबकड्या भंगारात गोळा करून त्यांतून नव्या दाबल्या जाऊ लागल्या. युद्धकाळातल्या बऱ्याच तबकड्या जास्त खरखरतात ते यामुळे. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून तिथल्या वादकांच्या संघटनेने मुद्रणावर बहिष्कार टाकला. व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांसाठी तो नोव्हेंबर १९४४ पर्यंत चालला. जॅझ त्या दोन वर्षांत आमूलाग्र बदलत होतं आणि त्यातलं फार थोडं खाचांत उतरलं.

स्वतःची तबकडी किंवा यंत्र नसलं तरी आज अडत नाही. इंटरनेट आर्काइव्हवर ७८ च्या हजारो बाजू ऐकता येतात, आणि त्यांतल्या पुष्कळ वेगवेगळ्या जाडीच्या चार पिनांनी वाजवून ठेवल्या आहेत. एकच बाजू चारही पिनांनी ऐका. पिनेबद्दल वर लिहिलं ते सगळं दोन मिनिटांत कानाला कळेल.

आणि तिथे एक तबकडी शोधा: अर्स्किन टेटचा व्हेंडोम ऑर्केस्ट्रा, ‘स्टॅटिक स्ट्रट’, शिकागो, मे १९२६. ट्रंपेट आर्मस्ट्राँगचं, पियानो टेडी वेदरफर्डचा. पियानोला थोडीच जागा आहे पण दोन्ही हात एकमेकांशी शर्यत लावल्यासारखे धावतात. वेदरफर्ड त्याच वर्षी शिकागो सोडून शांघायला गेला, तिथून पुढे मुंबईच्या ताजमध्ये, मग कलकत्त्याच्या ग्रँडमध्ये. कलकत्त्यात त्याने कोलंबियाच्या लेबलवर स्वतःच्या बँडच्या तबकड्या काढल्या आणि तिथेच एप्रिल १९४५ मध्ये पटकीने गेला, वय ४१. त्या कलकत्त्याच्या तबकड्यांतली एखादी शिकागोच्या या बाजूनंतर लगेच लावा. पियानो कधी पुढे येतो त्याची वाट बघा, आणि डाव्या हाताकडे कान ठेवा.